काळ्या पोशाखाचं माप

नोएमीने हात वर धरले आणि सिदोनीने उशांना रेलूनच लेकीच्या बगलेखाली टाचणी खोचली.

"सरळ उभी राहा. चित्रांत बाया काढतेस ना, तशी."

"त्यांना पाय नसतात, आई. सगळा घेरच."

"फुप्फुसंही नसतात. एवढ्याशा कमरेत श्वास कुठे मावतो, विचार एकदा तुझ्या मासिकवाल्यांना."

पॅरिसच्या कितीतरी शिंपिणी फॅशनच्या मासिकांतली नोएमीची चित्रं समोर ठेवून कापड बेतत. तिला स्वतःला साधी बाहीही बसवता येत नसे. ते आईचं काम. सकाळी पाद्री येऊन सिदोनीला मरणापूर्वी लावतात ते पवित्र तेल लावून गेला, आणि त्याची पावलं जिन्यावर वाजत होती तोवरच तिने काळं कापड मागितलं.

"शोकाचे पोशाख तयार मिळतात गं. दुकानंच्या दुकानं आहेत."

"दुकानातला घालून माझ्या शवपेटीमागे चालणार? शिंपिणीची पोर, आणि पाठीला चुण्या! शोभेल का?"

नोएमी हसली, तशी टाचणी टोचली. आईने जरा पडावं म्हणून दुपारी तिने कात्री हळूच गादीखाली सरकवली होती. सिदोनीने हात घालून ती बाहेर काढली होती आणि पुढचा तुकडा कापला होता.

आता तिने कमरेपाशी कापड दोन बोटं आत घेतलं.

"आई, घट्ट होतंय."

"आज होतंय. थोड्या दिवसांनी बरोबर बसेल. माझी आई गेली तेव्हा मलाही घास जात नव्हता."

नोएमीने पोट आत ओढून धरलं.

शेवटचा धावदोरा आवळून सिदोनी मागे टेकली. धाप ओसरेपर्यंत डोळे मिटून पडली. मग म्हणाली,

"वाक आता."

"कशाला?"

"नाचाचा पोशाख असला की गिऱ्हाइकाला मी नाचवून बघते. ह्यात तुला जे करावं लागेल, ते करून बघ. माझ्यावर वाक."

नोएमी वाकली.

"एवढ्याने नाही व्हायचं. आणखी. कपाळाला ओठ लागायला हवेत."

ती आणखी वाकली. सिदोनीचा हात तिच्या पाठीवर आला आणि मानेपासून कमरेपर्यंत शिवण चाचपत सावकाश खाली उतरला.

"उसवत नाही," ती म्हणाली. "ऊठ."

नोएमीला उठता येईना.