उजवा कौल

गणपतीत लालबागला राहायचं म्हणजे सगळी मुंबई आपल्या दारात आणि आपण मात्र घरात कोंडलेले. नलूताईंना पन्नास वर्षं याचं कौतुकच होतं. ते गेल्या वर्षी संपलं. नवऱ्याला, चिंतामणींना, डायलिसिसला न्यायचं होतं. शेजारच्या हितेंद्रने आणि त्याच्या भावाने त्यांना नेहमीसारखं खुर्चीत बसवून दोन जिने खाली आणलं, तर दर्शनाच्या रांगेने गल्लीचं तोंडच बंद केलेलं. परळचं सेंटर एरवी दहा मिनिटांवर, पण पोचायला अडीच तास लागले आणि तोवर मशीन दुसऱ्याला दिलेलं. पुढचा नंबर लागेपर्यंत चिंतामणींना श्वास पुरेना, आडवं होता येईना. नलूताई पाठीला उशा लावत बसल्या. माणूस आता हातातून जातो, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

त्यामुळे यंदा आषाढापासूनच त्यांच्या डोक्याला एकच भुंगा. गणपतीचे, आधीच्या गर्दीसकट, ते पंधरा दिवस काढायचे कुठे?

लेक रुचा गिरगावात. मायेची पोर, पण तिथेही जिने, आणि जावयाच्या घरात चिंतामणी दोन दिवसांवर टिकले नसते. मुलगा पुष्कर वडाळ्याला, बाविसाव्या मजल्यावर. लिफ्ट होती, टॅक्सी थेट दाराशी यायची. पण तो आणि सूनबाई सकाळी आठला जाणार ते रात्री आठला उगवणार, आणि समोर कोण राहतं ते पुष्करलाच ठाऊक नव्हतं. लालबागला लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, पण एक हाक मारली की चार माणसं धावत येतात. लिफ्ट आणि माणसं एकाच ठिकाणी द्यायला देवाचं काय जात होतं कोण जाणे!

"पंधराच दिवस हो," नलूताईंनी शेवटी वडाळ्याचं नाव काढलं. "अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी परत."

"आणि गणपती? बाबांनी ह्या कोपऱ्यात बसवलेला. तो काय गो, बॅगेत भरून न्यायचा?"

"पुष्कर बसवेल तिकडे. पाच दिवसांचा तर असतो."

"मी नाय हलणार."

आठवडाभर हेच चाललं. अखेर चिंतामणीच दमले. "देवाला विचार," ते म्हणाले. "तो सांगेल तसं."

विचारायची रीत कोकणातून आलेली. देवळात गुरव लावतो तसा कौल त्यांच्या घरातही लावत. देव्हाऱ्यातल्या देवीच्या चांदीच्या टाकावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. वडिलांनी मिलमधली कारकुनी धरली तीसुद्धा असं विचारून. चिंतामणींचे हात आता थरथरायचे, म्हणून पाकळ्या लावायचं काम नलूताईंकडे आलेलं.

नलूताईंनी डावी पाकळी चांगली भिजवून अंगठ्याने दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली. आपला हात जरासुद्धा कापला नाही, याचीच त्यांना नंतर लाज वाटत राहिली.

उजवी पडली. चिंतामणींनी डोळे उघडून पाहिलं, हात जोडले आणि एका शब्दाने कुरकुर न करता औषधांची पिशवी भरायला घेतली.

वडाळ्याला सगळं नीट झालं. गणपती बसला, गेला, डायलिसिस एकदाही चुकलं नाही. फक्त एका दुपारी चिंतामणी खुर्चीवरून घसरले. नलूताईंना ते उचलवेनात. त्यांनी समोरची बेल वाजवली, बाजूची वाजवली, कुणी दार उघडलं नाही. इंटरकॉमवर सांगितल्यावर पाऊण तासाने वॉचमन आला. तोवर दोघं चकचकीत लाद्यांवर शेजारी शेजारी बसून राहिली. चतुर्दशी कधी उजाडते असं नलूताईंना होऊन गेलं.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेच बॅग भरली.

"कुठे निघालीस?" चिंतामणींनी विचारलं.

"कुठे म्हणजे? घरी!"

"आता हेच घर. माझी मर्जी नव्हती, तरी देवाने आणलं ना इकडे? बघ, एकदा तरी दम लागला? तो धाडील तेव्हा जाऊ."

"मग विचारू या परत. फुलं आणते."

"एकदा दिलेला कौल पंधरा दिवसांत फिरवून मागतात काय? त्याच्यावर विश्वास नाय असं होतं ते."

ऑफिसला निघालेला पुष्कर चपला घालता घालता थांबला. त्याला कोण आनंद झाला! "बाबा, खरंच राहताय? मग हितेंद्रकाकांना कळवतो. त्यांचा पुतण्या लग्नानंतर राहायला खोली बघतोय. बंद ठेवण्यापेक्षा त्याला देऊ."

"दे," चिंतामणी म्हणाले.

खोली एकदा गेली की गेलीच, हे नलूताईंना कळत होतं. उजवी पाकळी मी नुसती टेकवली होती, एवढं एक वाक्य बोललं की पुरे होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस आठवड्यातून तीनदा त्या मशीनला जोडलेला चार चार तास पडून असतो, आणि देव आपलं बघतोय एवढ्याच भरवशावर परत उठून बसतो. तो भरवसा काढून घेतल्यावर त्याच्या हाती ठेवायला नलूताईंकडे काहीच नव्हतं.

"आई, सांगू ना काकांना?" पुष्करने विचारलं.

"सांग," त्या म्हणाल्या.