एक लाख एक

बहात्तरचा दुष्काळ सरला म्हणून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाला एक लाख एक बेलपानं वाहायची, असं गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, तेव्हा शिवयोगी मास्तर मनातून खूश झाले. घरात आकड्यांचा विषय निघाला की चंद्रव्वा उठून भाकरी थापायला जायची. निवृत्तीनंतर तर त्यांचं गणित ऐकायला भिंतींशिवाय कुणी उरलं नव्हतं. आपलं एखादं गणित तरी बायकोनं ऐकावं, एवढीच त्यांची आस होती, आणि आता खुद्द तीच या भल्या मोठ्या आकड्यात अडकली होती.

बायकांची भजनी मंडळं दहा. प्रत्येकानं दहा हजार पानं निवडून, पुसून वाहायची. मग वरचं एक कुणी वाहायचं? नवस पुरा होणार तो त्याच पानानं. चंद्रव्वा म्हणे, कल्पना माझी, मान माझा. निंगव्वा म्हणे, बेलाची पोती माझ्या माहेरनं, वळसंगहून आलीत. देवळाचे पंच सोमलिंगआप्पा म्हणाले, ते एक पान सोडूनच द्या. त्यावर दोघी एक होऊन त्यांच्यावर तुटून पडल्या. देवाला काय शून्यावर संपणारा आकडा द्यायचा? सोमवार तोंडावर आला आणि पोत्यांतला बेल सुकायला लागला.

मास्तरांनी देवळाच्या फरशीवर खडूनं आकडा लिहिला. एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा सारख्या आल्या की अकरानं भाग जातो, हे त्यांनी हयातभर पोरांना घोकून घेतलं होतं. इथं दोन्हीकडे एकच येत होता.

"अकरा मंडळं करा," ते म्हणाले. "प्रत्येकी नऊ हजार एक्याण्णव. वर काय बी उरत न्हाय."

चंद्रव्वानं नवऱ्याकडे असं कौतुकानं पाहिलं की मास्तर चक्क लाजले. पण अकरावं मंडळ आणायचं कुठनं? बायकांच्या माना पारावर पत्ते कुटणाऱ्या पुरुषांकडे वळल्या.

पुरुष मास्तरांना धरून आठ. सारखी वाटणी होत असेल तर तयार आहोत, म्हणाले. मास्तर पुन्हा खडू घेऊन नऊ हजार एक्याण्णवला भागायला बसले. आठांनी तीन उरले. एकाला वगळून सातांनी पाहिलं, पाच उरले. सहांनी एक उरला. मास्तर इरेला पेटले, अख्खी फरशी पांढरी केली. खरं तर तिथं गप्प बसायला हवं होतं, पण आनंद त्यांच्या पोटात राहीना.

"मूळ संख्या हाय ही. एकाशिवाय नि स्वतःशिवाय हिला कुणाचाच भाग जात न्हाय."

"म्हंजी एकट्यालाच जमतंय की," पत्ते गोळा करत तात्याबा म्हणाला. सगळ्यांना ते पटलं, आणि पार रिकामा झाला.

रविवारी दुपारी मास्तर एकटेच ओल्या फडक्यानं पानं पुसत होते. बोटं हिरवी झाली तरी पोतं काही उतरेना. तेवढ्यात चंद्रव्वा आपल्या मंडळाचं काम उरकून आली आणि शेजारी बसून तिनं पोतं आपल्याकडं ओढलं. मास्तरांना अगदी भरून आलं. तरी गणित काही सुटेना.

"अगं, दोघांत वाटलं तर एक उरतंय."

"उरू द्या की," चंद्रव्वा पान पुसत म्हणाली. "त्ये मी वाहते."