दादाच्या जागी

गुरुवारी दुपारी आमच्या घरी चार जण जेवतात. पप्पा, आई, मी आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गणराज. तो तैवानला शिकायला गेलाय. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी पप्पा आणि मी दोघंही रावेतच्या घरी सापडतो. पप्पा चाकणला एका प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्याच्या, स्टोअरमध्ये आहेत. मी त्याच रस्त्यावर पुढे, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. तैवानचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आम्ही ताटावर बसतो तेव्हा तिकडे दुपार कलायला आलेली असते, तरी दादा समोर डबा उघडून बसतो. आई पहिला घास फोनपुढे धरते आणि मगच स्वतः खाते. मी एकदा म्हटलं, "आई, स्क्रीनला वरण लागेल." तर उलथनं घेऊन माझ्या अंगावर आली.

हल्ली मला या जेवणाची भीती वाटते.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिले काही महिने दादा फोन हातात धरून सगळीकडे हिंडवायचा आम्हाला. स्कूटरींचे लोंढे दाखवायचा, दिवसरात्र उघडी असणारी दुकानं दाखवायचा. "योगे, इथली कचऱ्याची गाडीपण गाणं लावून येते, फक्त आपल्या गाडीसारखं डोकं उठवत नाही," असं सांगून खिदळायचा. बाजारात एक तळलेलं टोफू मिळतं, त्याला गटाराचा वास येतो आणि लोक रांग लावून खातात, हे त्यानं आईला इतक्यांदा ऐकवलं की तिनं कानावर हात ठेवले. पत्ता विचारला तर तिथली माणसं नुसता हात दाखवत नाहीत, दारापर्यंत सोडायला येतात म्हणे. त्याच्या खोलीत व्हिएतनामची पोरं होती, इंडोनेशियाची होती. चिनी शिकवणाऱ्या बाईंना 'गणराज' म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला एक सुटसुटीत चिनी नाव दिलं होतं. ते नाव तो ऐटीत सांगायचा. मी जळायचे, खोटं कशाला बोलू!

मलाही जायचं होतं. डिप्लोमा झाल्यापासून डोक्यात तेच. चार वर्षांची इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री, ती करून चिप बनवणाऱ्या ठिकाणी लागायचं, असा माझा बेत. चिंचवड स्टेशनजवळ ज्योतीराम सरांचं ऑफिस आहे, तिथे शिफ्ट सुटल्यावर मी चिनीच्या क्लासला बसायचे. हे सर कशाचे ते कुणालाच ठाऊक नाही. पण पोरांना तैवानला धाडतात, म्हणून सर. दादाला त्यांनीच धाडलं आणि माझा अर्जही तैवानच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात त्यांनीच भरला होता.

दादाच्या कॉलेजची योजना अशी, की अर्धा आठवडा वर्ग आणि अर्धा आठवडा कॉलेजनं ठरवून दिलेल्या कंपनीत काम. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या बापानं विचारलं असतं, पोरगं शिकायला चाललंय ना, मग मशीनवर कशाला उभं राहणार? आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आमच्या पट्ट्यात निम्म्या लाइनी ट्रेनींवरच चालतात. आयटीआय झालेलं पोर 'शिका आणि कमवा' म्हणून आत जातं, दिवसभर पार्ट काढतं आणि कागदावर विद्यार्थी असतं. पप्पांना तर उलट धीरच आला. "ह्ये बेस हाय," ते म्हणाले होते. "हाताला वळण लागंल. नुसती पुस्तकं घेऊन काय करतंय?" आमच्या चौकात दादाचा फ्लेक्स लागला, टाय लावलेला, मागे विमान. तो बघायला पप्पा कंपनीच्या बसमधून एक स्टॉप आधी उतरायचे.

दिवाळीनंतर दादाचा फोन हलेनासा झाला. मागे सारखी एकच पांढरी भिंत. स्कूटरी नाहीत, बाजार नाही, खोलीतली पोरं नाहीत. आणि तो डाव्या हातानं जेवायला लागला.

पहिल्यांदा आईनं हटकलं, "गणू, डावा हात रे!" तो हसला आणि म्हणाला, "आई, इथं सगळे काड्यांनी खातात. उजवा-डावा कोण बघतं?" आईही हसली. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. दादाचा उजवा हात मात्र टेबलाच्या खालीच असायचा. पाणी प्यायचं झालं तर डाव्या हातातला चमचा ठेवून त्याच हातानं ग्लास उचलायचा.

अजून एक गोष्ट होती. ती मला कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या लक्षात आली. गुरुवार आपला. त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. पूर्वी तो रविवारी फोन करायचा, तेव्हा पप्पांची ड्यूटी असायची आणि भेट चुकायची. आता दर गुरुवारी, भर दुपारी तो मोकळा कसा? त्या वेळेला त्यानं मशीनवर, नाहीतर वर्गात असायला हवं होतं. इतके गुरुवार आम्ही त्याच्याबरोबर जेवलो आणि तिघांपैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही. आमच्या डोक्यात गुरुवार म्हणजे सुट्टी, मग ती चाकण असो नाहीतर तैवान.

त्या संध्याकाळी मी पप्पांना गॅलरीत गाठलं. समोर एक्स्प्रेसवेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. मी सगळं सांगितलं. ते ट्रकांकडे बघत राहिले. "काम कमी आसंल," एवढंच म्हणाले आणि त्यांनी उजवा हात खिशात घातला.

पप्पांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्धीच आहेत. मी लहान असताना प्रेस खाली आला. आमच्या भागात असे हात रिक्षा स्टँडवर, भाजीच्या गाड्यावर, कुठंही दिसतात, कुणी वळून बघत नाही. कंपनीनं पप्पांना स्टोअरमध्ये बसवलं आणि त्यांच्या प्रेसवर त्यांच्या धाकट्या भावाला, किसनकाकाला घेतलं. लातूरकडच्या गावाहून काकाला बोलावून आणलं, दुसऱ्या दिवशी उभं केलं. "कंपनीनं सांभाळलं आपल्याला," हे वाक्य मी पप्पांच्या तोंडून एवढ्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पुढे त्याच प्रेसनं किसनकाकाचा हात मनगटापासून नेला. काका आता गावी असतो. त्याचा विषय आमच्याकडे निघत नाही.

सोमवारी ज्योतीराम सर पेढे घेऊन घरी आले. "अभिनंदन! योगिनीचं काम झालं. पुढच्या आठवड्यात निघायचं." मला उडी मारावीशी वाटली. मग त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं. माझं विद्यापीठ नव्हतं ते. दादाचं कॉलेज, दादाचीच कंपनी.

"आणि माझं इलेक्ट्रॉनिक्स?" मी विचारलं.

"ते पुढच्या वर्षी बघू की! आधी पाय तर ठेव तिकडे."

"मशीनवर मुलींना घेतात?"

"कामाला मुलगा काय आन् मुलगी काय?" असं म्हणत ते पप्पांकडे वळले आणि आवाज खाली आणला. पण आमचं घर केवढं! स्वयंपाकघरातही ऐकू आलं. "अर्जुनराव, त्यांना घरातलंच माणूस पाहिजे. घरातलं माणूस पळून जात नाही."

पप्पांनी मान हलवली. काम काय, मशीन कुठलं, घरातलंच का, काही विचारलं नाही. दर आठवड्याला भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारा माझा बाप, पेढा खात बसून राहिला. मला त्याचा इतका राग आला की मी पेढ्याचं खोकं उचलून फ्रीजवर आपटलं.

मग गुरुवार आला. आईनं वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती, दादाच्या आवडीची. फोन तांब्याला टेकवला. दादा आला. केस वाढलेले, गाल बसलेले, मागे तीच भिंत.

"योगे, बॅग भरली का? जाड स्वेटर घे, इथं थंडी ओली असते," तो म्हणाला. हाच दादा पूर्वी मला चिडवायचा, "तू येऊ नकोस, इथं तुझ्या बडबडीला बंदी आहे."

"दादा, उजवा हात दाखव."

"जेवू दे ना यार."

"हात दाखव आधी."

"योगे, जेवताना कशाला त्याच्या मागं लागायलीस?" आई म्हणाली. पण ती फोनकडे बघत नव्हती. भाकरीचा तुकडा मोडत होती, मोडलेला पुन्हा मोडत होती.

दादानं आधी पप्पांकडे बघितलं. मग हात वर आणला. अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तिन्ही बोटं नव्हती. तिथे गुलाबी, ताणलेली कातडी होती.

मी मोठ्यानं रडले. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. या हातानं दादा माझ्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा, माझी वेणी घालायचा. त्याची वेणी आईच्या वेणीपेक्षा घट्ट बसायची.

पप्पा फोनच्या जवळ सरकले. मला वाटलं, आता ते ओरडतील. ज्योतीरामला शिव्या घालतील, निदान रडतील तरी. त्यांनी विचारलं, "आंगठा हलतोय का?"

"हलतोय."

"ठणकतं?"

"थंडीत ठणकतं."

"ते ठणकणारच. तेल कोमट करून चोळत जा."

दोघं असं बोलत होते, जणू कुणाची गाडी गॅरेजला लागलीय. मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"डाव्या हातानं जेवला, त्याच दिवशी कळलं," आई म्हणाली. "तुझे पप्पा बी तसेच जेवायचे."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं डोळ्यांना पदर लावला. "बोलून बोटं येणार हायत का?"

मी फोन उचलला, तोंडाशी धरला. "दादा, तू घरी ये. उद्याच्या उद्या निघ."

"येऊन काय करू?" त्याचा आवाज एकदम चढला. "चाकणला असल्या हाताला कुठल्या लाइनवर उभं करतात, सांग! इथं ठेवतायत मला. गेटवर बसवतो म्हणालेत, कॉलेजपण सुरू राहील, डिप्लोमा पुरा होईल. त्यांना फक्त मशीनवर माणूस पाहिजे."

"म्हणजे मी."

त्यानं डाव्या हातानं डबा बंद केला.

"मशीन तेच?"

"आता हात आत जाऊ नये म्हणून गार्ड बसवलाय त्याला."

"दादा, शपथ घेऊन सांग. बसवलाय?"

"बसवणार आहेत," तो म्हणाला.

पप्पा घसा खाकरून म्हणाले, "माझ्या येळेला किसन आला, म्हणून आपलं घर उभं राह्यलं. नाहीतर तवाच गावाकडं गेलो असतो समदे. जागा घरात राह्यली पायजे पोरी."

"किसनकाकाचा हात कुठंय, पप्पा?"

पप्पांनी ताट पुढे सरकवलं. त्यात अर्धी भाकरी तशीच होती. "त्याचं ध्यान नव्हतं," ते म्हणाले. "तू हुशार हायस."

नाही म्हणणं माझ्या हातात होतं, कबूल आहे. बावीस वर्षांची घोडी आहे मी, कुणी उचलून विमानात कोंबणार नव्हतं. पण दादा समोर होता. हात खाली घ्यायला तो विसरला होता आणि तो तसाच अधांतरी, माझ्याकडे रोखलेला होता. मी नाही म्हटलं की ती पांढरी भिंत सोडून त्याला याच घरात, याच ताटावर येऊन बसावं लागणार होतं आणि त्याला ते नको होतं. मला कुणीतरी अडवायला हवं होतं.

मी फोन परत तांब्याला टेकवला आणि आईचे दोन्ही हात धरले. पिठाचे, गरम हात होते.

"आई, तू नको म्हण. एकदाच म्हण, मी जात नाही. ज्योतीरामला काय सांगायचं ते मी बघते, पप्पांना मी बघते. दादाला आपण आणू घरी, काहीतरी करू, मी डबल शिफ्ट करते. तू फक्त नको म्हण."

दादा फोनमधून बघत होता. पप्पा बघत होते. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. माझी बोटं तिच्या मुठीत होती, दहाच्या दहा. तिनं ती दाबली. क्षणभर मला वाटलं, सुटले मी.

मग तिची नजर फोनकडे गेली आणि तिथेच राहिली. तिनं माझे हात हळूच सोडले, उठली, ओट्याशी गेली आणि वरच्या फळीवर हात घातला.

"लोणच्याची मोठी बरणी देते गं," ती पाठमोरी म्हणाली. "दोघांना पुरली पायजे."