दोन हात अंतरावरचं पाणी

माझ्या हिरव्या रंगावर जाऊ नका. आतून मी काळी आहे आणि ठणठणीत कोरडी. आठ मजली इमारतीच्या तळघरात, गाड्यांच्या मागच्या कोपऱ्यात बसवलेली टाकी आहे मी. माझ्याबद्दल सगळ्या जगाचं बोलून झालंय, म्हणून आज मी तोंड उघडतेय.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा तिथल्या माणसाने मला चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि पोटावर खडूने 'पास' लिहिलं. आयुष्यात मिळालेली तेवढीच खरी शाबासकी. मग ट्रकमधून इथे आले. सगळ्या मजल्यांचं आंघोळीचं पाणी माझ्यात यायचं होतं, वाळूतून गाळून पंपाने पुन्हा वर संडासांसाठी जायचं होतं. चांगलं पाणी तेवढं वाचलं असतं. काम साधं होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं.

मला बसवलं प्लंबरने. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, माणसांशी कमी आणि पाइपांशी जास्त बोलणारे. त्यांची एक खोड होती. पाणी सोडून, प्रत्येक जोडावरून बोट फिरवून, ते कोरडं निघाल्याशिवाय 'झालं' हा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्यांच्या या खोडीला इंजिनिअरसाहेब वैतागायचे, पण दुसऱ्यांदा त्यांनाच बोलवायचे.

वरून येणारा पाइप माझ्या शेजारच्या खांबाला धरून खाली उतरतो आणि सरळ गटारात जातो. त्याच्यापासून माझ्यापर्यंत अंतर फक्त दोन हातांचं. तेवढा जोड बाकी होता, कारण त्या मापाचा तुकडा सोमवारी यायचा होता. आणि शनिवारी आली बिल्डर कंपनीचं सोशल मीडियावरचं पेज सांभाळणारी ताई. आल्या आल्या तिने दोन माणसांकडून मला हिरवा रंग मारून घेतला. माझ्या अंगावर पान काढलं आणि मामांना स्वच्छ हेल्मेट घालायला लावलं.

"मामा, इकडे बघा आणि म्हणा, टाकी मी स्वतः जोडलीय, आता रोज पाणी वाचणार."

"अहो, पण जोडली कुठंय अजून? तुकडा यायचाय."

"सोमवारी येतोय ना? उद्या पर्यावरण दिन आहे, मामा. रील उद्याच पाहिजे. सोमवारी टाकून कोण बघणार?"

मामा हेल्मेट काढू लागले. तेव्हा इंजिनिअरसाहेब म्हणाले, "दोन शब्द बोलायला तुमचं काय जातंय?"

मामा बोलले. पहिल्या तीन वेळा अडखळले. चौथ्या वेळी इतकं छान बोलले, की मीसुद्धा क्षणभर पोटात पाणी शोधलं.

रील धो धो चालली. मामांची मुलगी कॉलेजात शिकत होती. तिने ती मैत्रिणींना, आत्यांना, मावश्यांना पाठवली. मामा जेवणाच्या सुट्टीत मला टेकून बसून गवंड्यांना पुन्हा पुन्हा दाखवायचे. "तीस वर्षं भिंतीच्या आत काम केलं," ते म्हणायचे, "पहिल्यांदा कुणीतरी तोंड बघितलं." त्यांचा आनंद बघून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

सोमवारी तुकडा आला नाही. रील आली म्हणजे काम झालं, असं ऑफिसने धरून टाकलं. मामांनी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं. मग त्यांनीही विषय सोडून दिला. हे मी लपवणार नाही. माझा त्यांच्यावर राग आहे तो याच एका गोष्टीचा.

लोक राहायला आले. रील बघून घरं घेतलेले बरेच होते. ते मुलांना खाली आणून मला दाखवायचे, आणि मी लाजेने आणखी हिरवी व्हायचे. पुढे उन्हाळ्यात पाणी एक वेळ झालं, तेव्हा कुणीतरी माझं झाकण उघडलं. आत कोळ्याची जाळी, चहाचे कागदी कप आणि रंगाचा ब्रश.

ती जुनी रील शोधून काढायला त्यांना पाच मिनिटं लागली. तीच रील, तेच हसणारे मामा, फक्त खाली आता शिव्या होत्या. कंपनीने कानांवर हात ठेवले. आमच्या माणसाने स्वतः सांगितलं होतं, आम्ही विश्वास ठेवला, असं पेजवर लिहून मोकळी झाली. मामांना कामावरून काढलं. त्यांना घरगुती नळाच्या कामालाही कुणी बोलवेना. मुलीने म्हणे फोनमधून ती रील काढून टाकली, पण बाकीच्यांच्या फोनमधून ती कशी काढणार?

एका सकाळी मामा पिशवी घेऊन आले. खूप वाळले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, मला काही नको. पाइप माझा आणलाय. मी जोडलीय म्हणालो होतो, तेवढं खरं करू द्या."

सेक्रेटरी हो म्हणाले. मामांनी पाइप कापला, टोकं घासली, चिकटवायचं सोल्यूशन लावलं आणि दोन्ही जोड दाबून धरले. कितीतरी दिवसांनी मला त्या हातांची ऊब लागली. तोवर दहा-बारा रहिवासी जमले होते, आणि जमले म्हणजे फोन वर झाले. एकजण तर लाइव्ह बोलत होता, "बघा मंडळी, हाच तो."

मामा उठले. "काम झालेलं नाही. सोल्यूशन ओलं आहे. उद्या सकाळपर्यंत पाणी टाकीकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हला हात लावू नका. उद्या मी येतो, आपण मिळून पाणी सोडू."

"म्हणजे पुन्हा उद्या?" लाइव्हवाला हसला. "मंडळी, ऐकलंत? चालू असेल तर आत्ता दाखवा की."

"दादा, एक दिवस द्या."

"तीन हजार लोक बघतायत. ते काय उद्यापर्यंत थांबणार?"

आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला. सकाळची वेळ, आठही मजल्यांवर आंघोळी चाललेल्या. साबणाचं पाणी खाली कोसळलं, माझ्या तोंडाशी आलं, दोन-चार घोट आत पडलेही, आणि ओला जोड सटकला. मामांच्या अंगावर फेस उडाला. लोक मागे पळाले, पण फोन खाली गेले नाहीत. मामांनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. सवयीने त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. मग ते ओलं बोट शर्टाला पुसलं, पिशवी उचलली आणि कुणाकडेही न बघता चढ चढून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. तो व्हिडिओ पहिल्या रीलपेक्षा जास्त चालला, असं ऐकते.

आता मला भंगारात द्यायचं ठरलंय. जाण्याआधी एवढंच मागते. मला फोडण्याच्या आधी त्या माणसाला परत बोलवा. पाइप पडलाय तसाच आहे, नुसता पुसून पुन्हा बसवायचाय. त्यांना काम करू द्या, तुम्ही सगळे वर घरी जा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा 'झालं' म्हणतील, तोपर्यंत थांबा.