गुलाबी औषध

संस्थान विलीन झालं त्या वर्षी तानाबाईचे हात जळायला लागले. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दोन्ही. वर ना सूज, ना फोड, ना लाली. पण म्हशीच्या सडाला बोट लावलं की मिरची कुटल्यावर होते तशी आग व्हायची. आणि गडमुडशिंगी गावाहून रोज पहाटे तीन म्हशी हाकत शहरात गंगावेशीत आणायच्या आणि गिऱ्हाइकासमोर पिळायच्या, हाच तर तिचा धंदा.

नवरा केरबा तिला त्र्यंबकराव डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हात उलटेपालटे केले, मिरजेहून हातांचा एक्स-रे फोटो काढून आणायला लावला, तो उजेडाला धरला आणि भरल्या दवाखान्यात खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "हिला काही झालेलं नाही. सोंग आहे. कामाचा कंटाळा, दुसरं काय?" मग कंपाउंडरला म्हणाले, "गुलाबी द्या." कंपाउंडर गालात हसला. गुलाबी म्हणजे रंगवलेलं साखरपाणी, रोग नसलेल्यांसाठी, हे तिथल्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या एका शब्दानं तिचं वाटोळं केलं. तोवर केरबा एखादी म्हैस तरी पिळायचा. त्या दिवसापासून तो गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पान चघळत बसला. "डागदरानंच सांगितलंय, सोंग हाय," म्हणायचा. गावात तिला सोंगाडी नाव पडलं. पाच वर्षं ती दात-ओठ खात तिन्ही म्हशी पिळत राहिली. हात जळत होतेच, पण त्याहून जास्त तो शब्द जळत होता. ज्याच्या तोंडून तो निघाला, त्यालाच तो परत घ्यायला लावायचा, एवढाच तिचा ध्यास. देवापुढे उभी राहिली तरी हात बरे कर असं ती म्हणत नव्हती.

मग त्र्यंबकरावांच्या पोटात आग पडायला लागली. मिरज झाली, पुणं झालं, पांढरं पाणी पाजून फोटो काढले. सापडलं काहीच नाही. त्यांच्याच पंक्तीतल्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून, मनाचे खेळ आहेत म्हणून परत पाठवलं. कट्ट्यावर ही हकीकत रोज चघळली जायची. शेवटी धारोष्ण दुधावर राहायचं ठरवून ते स्वतःच तांब्या घेऊन गंगावेशीत यायला लागले, आणि आले ते नेमके तानाबाईसमोर. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखतील कशाला? अशा कितीजणींना गुलाबी पाजलं होतं! ती मात्र रोज तांब्या भरून देत राहिली.

आठव्या दिवशी डॉक्टर पोट धरून सगळ्यांदेखत ओरडले, "बाई, या दुधात काहीतरी आहे! प्यालं की आग होते."

डोळ्यांसमोर पिळलेल्या दुधाला नाव ठेवणं म्हणजे पिळणारीच्या तोंडावर थुंकणं. तिथली रीत अशी, की संशय आला तर त्याच भांड्यातलं दूध आधी पिळणारीनं प्यायचं, मग चारचौघांतल्या एकानं. तानाबाईनं तांब्या उचलला, अर्धा घटाघटा प्याली आणि उरलेला कट्ट्यावरच्या जोतीराम पैलवानाच्या हातात दिला. तो रिकामा करून पैलवान मिशा पुसत म्हणाला, "दूध बेस हाय की!"

तानाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऐकलंसा? दुधात काय न्हाय. फोटूत काय न्हाय. म्हंजे तुमास्नी काय झाल्यालंच न्हाय, डागदर. सोंग हाय! कामाचा कट्टाळा, दुसरं काय? जावा, गुलाबी घ्या जावा."

कट्टा खदाखदा हसला. आता डॉक्टरांना ती आठवली.

"पण दुखतंय मला," ते म्हणाले. "खरंच दुखतंय हो."

"म्याबी ह्येच म्हटलं हुतं. तवा तुमी फोटू बघितलासा, माझ्या तोंडाकडं न्हाय बघितलं. त्यो माझा न्हवरा तिथं पान खात बसलाय, सोंग न्हाय म्हणून त्येला सांगा. मोठ्यानं. तवर हितं दूध न्हाय मिळायचं."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या म्हशीवाल्यांनीही पाठ फिरवली होती.

"हे बघा," ते केरबाकडे वळून कसेबसे म्हणाले, "हिचे हात दुखतात. का ते मला कळलं नाही. सोंग म्हटलं, ती माझी चूक."

तानाबाईच्या छातीत असा गारवा पसरला की तिला हसूच फुटलं. दया वगैरे काही आली नाही. ती कधीच आटली होती. तिनं धारेची चरवी नेऊन केरबापुढे आदळली. "उठा. आजपासनं तिन्ही तुमी पिळायच्या." एवढ्या लोकांत त्याला नाही म्हणता येईना.

पंधरा दिवसांनी केरबा घरी मनगट चोळत तिच्यापुढे बसला. "ताने, हात लई दुखाय लागल्यात गं."

तिनं आपल्या जळत्या हातांत त्याचे हात घेतले, उलटेपालटे केले, उजेडाला धरले. ना सूज, ना फोड, ना लाली. तो खरं बोलत होता. तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार?

"काय न्हाय झाल्यालं," शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, आणि रिकामी चरवी तिनं त्याच्या मांडीवर ठेवली.