लपलेल्या मेनूची बॅच

अशोकस्तंभाजवळ एका औषधाच्या दुकानावर गोरक्ष थेट्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट शिकवण्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्यावरच्या मेनूच्या ओळीवर फूटपट्टी टेकवून ते म्हणायचे, "फाइल!" की सगळी बॅच पाढे म्हटल्यासारखी पुढचं घडाघडा म्हणायची, "एडिट, व्ह्यू, टूल्स, हेल्प!" कुठल्या मेनूत काय दडलंय, हे सरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. अख्खा कोर्स त्या एका ओळीवर उभा होता.

२००८ सालच्या एका सकाळी सरांनी ब्राउझर उघडला आणि फूटपट्टी हातातच राहिली. ओळ गायब! वर एक पांढरी पट्टी, दोन बाण, संपलं. नवी आवृत्ती आपोआप येऊन बसली होती.

"व्हायरस दिसतोय," सर म्हणाले. "कुणी कशाला हात लावू नका."

पण साधनाताई दाभाड्यांनी आधीच हात लावला होता. महापालिकेतून निवृत्त झालेल्या या बाई भाच्यासाठी मुलगी शोधायची म्हणून क्लासला यायच्या. त्यांनी पट्टीत लग्नं जुळवणाऱ्या साइटचं नाव टाकलं, एंटर दाबलं आणि मुलींचे फोटो बघत बसल्या.

"सर, हे तर सोपंच झालं की हो! मग आपण इतके दिवस काय शिकत होतो?"

बॅच हसली. सरही हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या. पुढच्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडल्या.

"बरं झालं की, लोकांचा ताप गेला," भाकरी थापता थापता त्यांची बायको तृप्ती म्हणाली.

"लोकांचा गेला, तो आपल्या घरी आला," सर म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

मग एकदा कीबोर्ड पुसताना फडकं ऑल्टच्या बटणावर दाबलं गेलं आणि ती ओळ पडद्यावर अलगद उतरली. सिंहस्थाच्या गर्दीत हरवलेलं पोर सापडावं तसा सरांचा ऊर भरून आला. संध्याकाळी जिन्यापाशी पाटी लागली: 'लपलेला मेनू: विशेष बॅच. जागा मर्यादित.'

जागा भरल्या. पहिलं नाव साधनाताईंचं.

"काम अडत नाही हो," त्या म्हणाल्या, "पण आपल्यापासून काहीतरी लपवलंय म्हटल्यावर चैन पडेना."

मार्गशीर्षात त्या भाच्याला घेऊन इंदिरानगरला मुलगी बघायला गेल्या. मुलीचं नाव समिधा. सॉफ्टवेअर कंपनीत तिचं कामच असं, की पडद्यावरची नको ती बटणं काढून टाकायची, म्हणजे साध्या माणसाची धांदल उडत नाही. पोहे झाल्यावर साधनाताईंनी चष्मा सावरला.

"मेनू दिसत नसेल तर कुठलं बटण दाबायचं?"

"मेनू लागतो कशाला? मी तर कधी शोधलाच नाही," समिधा म्हणाली.

रिक्षात बसताच साधनाताईंनी निकाल दिला, "मुलगी गोड आहे, पण पाया कच्चा."

भाच्याला मात्र मुलगी आवडली होती. त्याने परस्पर फोन केला, दोघांचं जुळलं आणि वैशाखात लग्न लागलं. साधनाताईंनी अहेर चांगला केला, सरांनाही आग्रहाने बोलावलं.

नवरी सरांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "सर, ते बटण कुठलं, तेवढं सांगून ठेवा ना. आत्या रोज विचारणार."

सरांना तिची खरोखर दया आली. असं मांडवात उभ्या उभ्या सांगण्यासारखं का होतं ते?

"सोमवारपासून नवी बॅच आहे," ते म्हणाले. "मिस्टरांनाही घेऊन या."