खडूच्या तीन खुणा

माझा हात वाकडा आहे असं मी वीस वर्षं मानत आले. कोणी शिव्या देऊन सांगितलं असतं तर मी उलट बोलले असते. दादा ते खडूने सांगायचा.

आमचं कोट शिवायचं दुकान. कापणार दादा, शिवणार मी. कच्ची शिलाई झाली की गिऱ्हाईक ट्रायलला यायचं, आरशासमोर छाती काढून उभं राहायचं. दादा मान तिरकी करून त्याच्याभोवती फिरायचा. मग खांद्यावर एक रेघ, पाठीवर एक, बाहीवर एक. गिऱ्हाईक गेलं की कोट माझ्या मशीनवर येऊन पडायचा.

"घे ठमे, परत खांदा खाल्लास."

मी उसवायचे. सूतभर आत, नाहीतर सूतभर बाहेर. एक कोट असा नाही की ज्यावर खडू नाही. दुसऱ्या कुणालाही दादाचा संशय आला असता. मला माझाच आला.

गेल्या महिन्यात बटणांच्या दुकानात एक बाई भेटल्या. त्यांचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना. म्हणाल्या, "माझ्या दिरांच्या अंगावर तुम्ही शिवलेला कोट पाहिला. मला कटर हवाय. याल?"

कापणं! दादाचं काम! आणि तोंडातून काय निघालं? "नको हो. माझ्या कामात फार दुरुस्त्या निघतात."

"असं? बरं, राहिलं मग," म्हणाल्या आणि बटणं घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी दादाची कंबर धरली. तो घरी पालथा पडून आणि इकडे दातांचे डॉक्टर ट्रायलला हजर. मी कोट चढवला, खडू उचलला आणि भोवती फिरायला लागले. खांदा बघितला. बगल बघितली. पाठीवर सुरकुती नाही. चूक असणारच, मला दिसत नाही एवढंच, अशी धास्ती. हात वर करायला लावले, बसायला लावलं, पुन्हा उठवलं.

डॉक्टर हसले. "अहो, आम्ही किडका दात शोधतो तशी चूक शोधताय. नसला तर नाही म्हणायचं. आम्हीही म्हणतो. कधीमधी."

मी खडू ठेवून दिला.

दुपारी दादाला सांगितलं, तर तो तशा कमरेने उठायला निघाला. "खडू नाही लावलास? एकही खूण नाही?"

"चूकच नव्हती."

"अगं, नसेना का चूक! तीन खुणा मारायच्याच. बाबा मारायचे, मी मारतो. त्याशिवाय गिऱ्हाईकाला वाटतं का, की मास्तरने डोकं घातलंय? पहिल्याच झटक्यात बसला तर म्हणेल, तयार कोटच घेतला असता."

"आणि मी उसवत होते ते?"

"मग? खुणा केल्यावर उसवायला नको? सूतभराने काय आकाश कोसळतं?"

"दादा, खरी चूक कितीदा होती?"

तो आठवायला लागला. प्रामाणिकपणे आठवायला लागला, तेच जास्त झोंबलं. "असेल चार-सहादा. कोण लक्षात ठेवतंय? ए, तो शेक जरा वर सरकव."

मी सरकवला. डोकं पेटलं होतं तरी हात आपोआप गेला. बदमाश माणसाला निदान माहीत असतं आपण काय केलं ते. माझ्या भावाच्या लेखी त्याने काही केलंच नव्हतं.

तशीच कारखान्यात गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "कटरची जागा भरली हो. तुम्हीच म्हणालात ना, दुरुस्त्या निघतात? मी विश्वास ठेवला."

बरोबरच होतं त्यांचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो नेमका त्या शब्दावर!

"शिलाईला जागा आहे," त्या म्हणाल्या.

"येते."

हे ऐकून दादा खो खो हसला. "आठ दिवसांत रडत येशील. तुझे घोळ तिथे कोण निस्तरणार?"

"इथे मीच निस्तरत होते. माझे नव्हते तेसुद्धा."

खरं काय ते कळलं की माणसाला बळ येतं म्हणे. थापा आहेत सगळ्या. राग येतो. स्वतःवरचा संशय तसाच राहतो.

कारखान्यात चौथ्या दिवशी जॅकेटच्या बाह्यांचा गठ्ठा आला. डावी बाही लावली तर ती मागे वळली. मी उसवली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उसवताना स्वतःचीच लाज वाटली. एक बाही दुसरीवर ठेवली. मग तिसरी, चौथी. सगळ्या उजव्या! कापडाचे थर एकाच बाजूने रचून कटरने तसेच कापले होते.

कटर तिशीतला, कानावर पेन्सिल. मी गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. "या सगळ्या उजव्या हाताच्या आहेत."

"उलटी धरली असेल तुम्ही. शिलाईकडे बघा बाई."

क्षणभर वाटलं, धरलीच असेल उलटी. "उलटी धरली तर कापडाची उलटी बाजू वर येते. तुम्ही धरून दाखवा."

त्याने एक उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. आसपासची मशिनं थांबली होती. त्याचे कान लाल झाले. नवीन कापड काढायला सांगून तो पाठमोरा झाला.

मालकीणबाई आल्या. "काय झालं?"

"काही नाही मॅडम, थोडी दुरुस्ती निघालीय," कटर म्हणाला.

"दुरुस्ती नाही, चूक आहे," मी म्हणाले. "आणि ती यांची आहे."

मालकीणबाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. "बरं बरं. आवाज जरा खाली ठेवा."

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तेवढ्याच आवाजात.